नॉर्वेचं नाव, आपला चिखल

दहावीला 'प्राण्यांचे वर्गीकरण' नावाचा धडा होता, आठवतोय? त्यात वलयांकित प्राण्यांची तीन उदाहरणं होती: गांडूळ, जळू, नेरीस. गांडूळ आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. म्हशी बसतात त्या डबक्यात पाय सोडून बसलेल्याला जळूही माहीत असते. नेरीस मात्र नुसतं पाठ करायचं नाव. तो केवढा असतो, कुठं राहतो, आपल्याकडं असतो की परदेशात, हे कुणी विचारायचं नाही आणि कुणी सांगायचंही नाही. एका मार्कापुरतं तेवढं बस्स व्हायचं.

नेरीस समुद्रातला. अंगाच्या प्रत्येक वळ्याला दोन्ही बाजूंनी वल्ह्यासारखे पाय आणि त्या पायांवर राठ केसांचे झुपके. पुस्तकाच्या भाषेत परापाद आणि दृढरोम. असल्या केसाळ समुद्री किड्यांना म्हणतात पॉलिकीट. (यातला 'कीट' आपल्या कीटकातला नाही. तो ग्रीकमधला, अर्थ लांब केस.) केस गांडुळालाही असतात. शेपटीकडून डोक्याकडं बोट फिरवून बघा, खरखरतं. पण गांडुळाचे केस मोजके, पॉलिकीटाचे पुष्कळ. जगात पॉलिकीटांच्या दहा हजारांहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. समुद्रतळाचा चिखल चाळणीत धुतला, तर हाती लागणाऱ्या जिवांमध्ये बऱ्याचदा यांचाच भरणा जास्त असतो.

मला सांगायचं आहे ते त्यांतल्या एकाबद्दल. नाव टेरेबेलायडीस स्ट्रोमी. पहिला शब्द आडनाव समजा, दुसरा नाव. मूळ मुक्काम नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या थंड पाण्यात, जे वर्षभर साधारण आपल्या फ्रिजमधल्या बाटलीइतकं गार असतं. आणि तरीही हे नाव गेली सत्तरेक वर्षं भारताच्या प्राण्यांच्या याद्यांत आहे. हा किडा इथं कसा आला, हे शोधायला गेले तेव्हा किड्याचा प्रवास काही सापडला नाही. सापडला तो एका नावाचा प्रवास.

मिकाएल सार्स हा नॉर्वेतला पाद्री. १८३१मध्ये त्याची नेमणूक किन नावाच्या बेटावरच्या चर्चमध्ये झाली. रविवारी प्रवचन, बाकीचे दिवस किनारा. ओहोटीला दगड उलटायचे, होडीतून जाळं सोडायचं, जे वर येईल त्याचं वर्णन लिहायचं. १८३५मध्ये त्यानं बर्गनच्या समुद्रातल्या 'काही विशेष किंवा नव्या' प्राण्यांवर एक पुस्तक छापलं. त्यात हा किडा होता. काही सेंटिमीटर लांब, चिखलात राहणारा, तोंडाशी बारीक दोऱ्यांचा झुपका. हे दोरे चिखलावर पसरून तो खाणं गोळा करतो. सगळ्यात वेगळी गोष्ट त्याचा कल्ला: पाठीवर एकाच देठावर उभा असलेला, चार पाकळ्यांचा, आणि प्रत्येक पाकळीवर कंगव्याच्या दातांसारख्या पट्ट्या. सार्सनं त्याला नाव दिलं ते हान्स स्ट्रोम या आधीच्या शतकातल्या दुसऱ्या पाद्री-निसर्गअभ्यासकाचं. एका पाद्र्यानं दुसऱ्याला केलेला नमस्कारच म्हणा.

सार्स साधा माणूस नव्हता. त्या काळात एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाचं मत जोरात होतं की, समुद्रात सुमारे तीनशे फॅदमच्या, म्हणजे साडेपाचशे मीटरच्या, खाली जीव नाहीत. सार्स आणि त्याचा मुलगा गेओर्ग यांनी नॉर्वेच्या खोल पाण्यात जाळी टाकून तिथून जिवंत प्राणी वर काढले. त्यांतली एक समुद्री लिली तर अशा घराण्यातली होती, जे फक्त जीवाश्मांत उरलंय असं लोक समजत होते. या शोधांनी खोल समुद्राचं वेड लागलं आणि त्यातून ब्रिटनची चॅलेंजर मोहीम निघाली. १८७२ ते १८७६, जवळपास सगळे महासागर.

चॅलेंजरनं गोळा केलेले पॉलिकीट तपासायचं काम विल्यम मॅकिन्टॉश या स्कॉटिश डॉक्टरकडं आलं. त्याचा अहवाल १८८५चा. हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला केरगेलेन नावाची थंडगार बेटं आहेत. तिथल्या चिखलात मॅकिन्टॉशला तोच चार पाकळ्यांचा कल्ला दिसला. नॉर्वे कुठं, केरगेलेन कुठं! पण त्यानं नवीन जात मानली नाही. स्ट्रोमीचाच एक प्रकार, केरगेलेनचा, असं लिहिलं. नकाशावर स्ट्रोमीनं एका उडीत विषुववृत्त ओलांडलं.

हे त्या माणसाला मूर्ख ठरवायला सांगत नाहीये. त्या काळी हे पटण्यासारखंच होतं. समुद्राला कुंपण नाही. किड्याची पिल्लं प्रवाहाबरोबर कुठंही जातील. शिवाय खोल समुद्र सगळीकडं थंड असतो. अरबी समुद्राचंच घ्या. वर पाणी कोमट, पण तीन हजार मीटर खाली दोन अंशांच्या आसपास. म्हणजे थंड पाण्यातल्या प्राण्याला उष्ण कटिबंधाच्या खालून जायला भुयारच आहे, असा तर्क सहज करता येत होता.

चॅलेंजर अरबी समुद्रात आलीच नाही. ते काम केलं मुंबईत जन्मलेल्या जहाजानं. 'इन्व्हेस्टिगेटर' हे लाकडी, चाकांच्या वल्ह्यांचं वाफेचं जहाज मुंबईच्या गोदीत बांधलं गेलं आणि १८८१मध्ये पाण्यात उतरलं. मुख्य काम किनाऱ्याचं मोजमाप. पण जहाजावरच्या डॉक्टरनं रिकाम्या वेळात प्राणी गोळा करावेत अशी सोय होती. १८८८ ते १८९२ या काळात तिथं असलेल्या आल्फ्रेड अल्कॉकनं पुढं १९०२मध्ये यावर एक सुरेख पुस्तक लिहिलं. मुंबईच्या गोदीतल्या सुतारांनी आणि लोहारांनी बांधलेल्या या जहाजावरून खोल, गार समुद्राचा तळ खरवडला गेला, बाटल्या भरल्या गेल्या आणि त्या कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये जाऊन बसल्या. नंतर १९३३-३४मध्ये 'मबाहिस' हे इजिप्तचं जहाज अरबी समुद्रात फिरलं. मोहिमेचा प्रमुख सेमूर सेवेल, जो आधी भारताच्या प्राणी सर्वेक्षण विभागाचा संचालक होता. या मोहिमेत काही खोलींवर जाळं जवळजवळ रिकामं आलं. सडक्या अंड्याचा वास मारणारा हिरवट चिखल, त्यात कुणी नाही. अरबी समुद्रात मधल्या खोलीवर प्राणवायू फारच कमी असलेला एक जाड थर आहे, त्याची ही खूण. म्हणजे वरच्या तर्कातलं भुयार आपल्या बाजूला एवढं मोकळंही नव्हतं. पण त्याचा संबंध कुणी किड्यांच्या नावांशी जोडला नाही.

बाटल्या तर भरल्या. आतले किडे कोण, हे सांगायला माणूस हवा. तो माणूस होता फ्रान्समधल्या अँजे शहरातला प्राध्यापक, पिएर फोवेल.

फोवेलनं १९२३ आणि १९२७मध्ये फ्रान्सच्या पॉलिकीटांवर दोन जाडजूड खंड लिहिले होते. चित्रं स्पष्ट, भाषा नेमकी. जगभरचे लोक तेच उघडून बसायचे. १९३२मध्ये त्यानं इंडियन म्युझियमच्या संग्रहावर लिहिलं, आणि १९५३मध्ये 'फॉना ऑफ इंडिया' मालिकेत पॉलिकीटांचा खंड आला. भारत, पाकिस्तान, सिलोन, ब्रह्मदेश, मलाया, सगळं एका पुस्तकात, छपाई अलाहाबादची. फोवेल तेव्हा सत्त्याऐंशीच्या घरात होता. त्या वयात पाचशे पानांचं पुस्तक! आजही भारतात कुठल्याही सागरी प्रयोगशाळेत त्याची झेरॉक्स सापडते, पानं निसटलेली, कोपऱ्यांवर फॉर्मॅलिनचे डाग.

या पुस्तकात टेरेबेलायडीस स्ट्रोमी आहे. नेपल्सच्या समुद्रावरून नाव पडलेला डायोपात्रा नेपोलिटाना आहे, जो शंखशिंपल्यांचे तुकडे चिकटवून नळी बांधतो. इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावरून १८१३मध्ये वर्णन केलेला मार्फिसा सांग्विनिया आहे. युरोपातली ही मंडळी भारताच्या यादीत अशी शेजारीशेजारी बसलेली. काही वेगळी नावंही आहेत. १९२१मध्ये रोलंड सदर्न या आयरिश अभ्यासकानं ओडिशातल्या चिलिका सरोवराचे पॉलिकीट तपासले. आपल्या देशातली सवयीची नावं बाजूला ठेवून त्यानं तिथल्या बऱ्याच किड्यांना नव्या जाती मानलं. मार्फिसा ग्रेव्हेली हे त्यांतलंच एक. मला सदर्नचं कौतुक वाटतं ते यासाठी. तोही तीच युरोपीय पुस्तकं वाचून आला होता, पण समोरचा किडा वेगळा दिसला तर वेगळा म्हणाला.

पॉलिकीट ओळखतात कसा, हे थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी जव्हारची. समुद्र आमच्यापासून साठ-सत्तर किलोमीटर. पण आमच्या डोंगरांची माती दर पावसाळ्यात समुद्राला जाते. वैतरणा त्र्यंबकच्या बाजूनं येते, मोखाड्यातून उतरते, पुढं आमच्याकडची पिंजाळ तिला मिळते आणि अर्नाळ्यापाशी सगळं लाल-गढूळ पाणी अरबी समुद्रात. तो गाळ खाडीत बसतो आणि पॉलिकीटांचं घर होतो. एम.एस्सी.ला असताना पहिल्यांदा त्या खाडीचा चिखल हातात घेतला. अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर पाणी ओतत बसायचं. गाळ निघून जातो, वर उरतात काड्या, शिंपल्यांचा चुरा आणि किडे. मग रोझ बेंगाल नावाचा रंग टाकायचा. जे जिवंत होतं ते गुलाबी होतं, कचरा तसाच राहतो. चिमट्यानं एकेक गुलाबी दोरा उचलायचा, भिंगाखाली ठेवायचा आणि पुस्तकातली 'की' उघडायची.

की म्हणजे प्रश्नांची वाट. डोक्यावर शिंगं आहेत का? असतील तर या पानावर जा, नसतील तर त्या. कल्ले किती? एकच, देठाचा, चार पाकळ्यांचा? मग टेरेबेलायडीस. भारतातल्या याद्यांमध्ये या वाटेच्या शेवटी वर्षानुवर्षं एकच घर लागत आलं: स्ट्रोमी. कीमध्ये 'यांपैकी कुणीच नाही' असं दार नसतं. पुस्तकात जेवढी नावं, तेवढीच उत्तरं. नॉर्वेच्या किड्यासारखा कल्ला असलेला कुठलाही भारतीय किडा त्या वाटेनं चालत गेला की नॉर्वेतच पोचणार.

आमच्या मॅडम या बाबतीत कडक होत्या. त्यांचं म्हणणं, "पुस्तकात बसतंय म्हणून तो तोच, असं नसतं गं. पुस्तक कुणासाठी लिहिलंय ते आधी बघ." खात्री नसेल तर आडनाव लिहायचं आणि पुढं 'एसपी'. म्हणजे स्पीशीज, जात ठरलेली नाही. वर्गात काहींना ते अर्धवट उत्तर वाटायचं. जर्नलमध्ये पूर्ण लॅटिन नाव छान दिसतं ना.

सारखं दिसणं आणि सारखं असणं यातला फरक आमच्याकडं शेतात कळतो. आजीच्या टोपल्यातलं हळव्या नागलीचं बी आणि गरव्या नागलीचं बी शेजारी ठेवा, मला तर सांगता येत नाही. पण पेरा, मग बघा. हळवी लवकर कापणीला येते, गरवी पुढं कितीतरी दिवस उभी असते. उताराच्या वरकस जमिनीत गरवी टाकली आणि पाऊस लवकर गेला, तर वर्ष गेलं. म्हणून आजी टोपली कुठली ते विचारल्याशिवाय मूठ भरत नाही. दोन्ही नागलीच, जाती काही वेगळ्या नाहीत, पण डोळ्याला न दिसणारा फरक पोटाला कसा कळतो, ते यात आहे.

स्ट्रोमीबद्दल पहिली मोठी शंका आली १९८०च्या दशकात. १९८३मध्ये सिडनीत पॉलिकीटांवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. जगभरातले किडेवाले पहिल्यांदाच असे एकत्र आले. त्या परिषदेच्या १९८४च्या ग्रंथात एस. जे. विल्यम्स यांचा लेख आहे. त्यांनी ठिकठिकाणच्या संग्रहालयांतले 'स्ट्रोमी' मागवले आणि एकमेकांशेजारी ठेवून पाहिले. ते एकसारखे नव्हतेच. त्यांतून नव्या जाती वेगळ्या काढाव्या लागल्या.

परिषद भरवणाऱ्यांत पुढाकार होता पॅट हचिंग्स यांचा, सिडनीतल्या ऑस्ट्रेलियन म्युझियमच्या. त्यांची अडचण आपल्यासारखीच. ऑस्ट्रेलियाचे किडे ओळखायला हाताशी पुस्तकं कुठली? फोवेलचं आणि दक्षिण आफ्रिकेवरचं जॉन डे यांचं १९६७चं. दोन्ही पुस्तकांत 'जगभर आढळतो' असे शेरे ठिकठिकाणी. हचिंग्स यांनी पुढची कित्येक वर्षं ऑस्ट्रेलियाचे किडे नव्यानं तपासण्यात घातली आणि या शेऱ्यांतले बरेच निकालात काढले. २०१८मध्ये त्यांनी एलेना कुप्रियानोव्हा यांच्याबरोबर यावर एक लेख लिहिला: जगभर पसरलेले पॉलिकीट, खरं की कल्पना? परीक्षकाला प्रश्नातच उत्तर हवं असतं ना, तसं शीर्षक आहे हे.

पण शंका घेऊन पुढं काय? खरा स्ट्रोमी कोणता, हे आधी ठरायला हवं. इथं एक गंमत झाली होती. नवी जात लिहिताना ज्या नमुन्यावरून ती लिहिली तो जपून ठेवायचा, असा आजचा नियम. वाद झाला तर तो नमुना काढून बघायचा. सात-बाऱ्यासारखं. सार्सच्या काळात ही शिस्त नव्हती, आणि स्ट्रोमीचा असा मूळ नमुना उपलब्धच नव्हता. म्हणजे जगभरच्या याद्यांत ज्याचं नाव, त्याचा मूळ कागदच गहाळ! शेवटी २०१५च्या सुमारास स्पेनचे हुलिओ पारापार आणि हचिंग्स यांनी नॉर्वेच्या त्याच भागातला एक किडा निवडला, त्याचं बारकाईनं वर्णन केलं आणि जाहीर केलं की यापुढं स्ट्रोमी म्हणजे हा. अशा नमुन्याला निओटाइप म्हणतात.

मॅकिन्टॉशचा केरगेलेनचा प्रकार त्याआधीच, २००८मध्ये, स्वतंत्र जात झाला होता. १८८५ ते २००८. एकशे तेवीस वर्षं तो किडा दुसऱ्याच्या नावावर राहिला.

आणि मग २०१८मध्ये जे झालं त्यानं माझी तरी झोप उडाली. आर्ने नायग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी (पारापार आणि हचिंग्स त्यात होतेच) ईशान्य अटलांटिकमधले, म्हणजे स्ट्रोमीच्या घरच्याच अंगणातले, टेरेबेलायडीस गोळा केले आणि त्यांचा डीएनए तपासला. एका जनुकावर भरवसा न ठेवता चार ठिकाणचे तुकडे वाचले. निघाल्या पंचवीसहून जास्त जाती. त्यांतल्या फक्त सातांना रीतसर नाव होतं. शिवाय त्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत राहत नाहीत. एकाच चिखलात दोन-चार जाती शेजारीशेजारी. त्यांचं एक वाक्य अशा अर्थाचं आहे: या समुद्रात टेरेबेलायडीस सापडला, तर तो नाव असलेल्या जातीचा असण्यापेक्षा नाव नसलेल्या जातीचा असण्याची शक्यता जास्त.

हे कुठं, तर नॉर्वे-स्वीडनच्या समुद्रात. जिथं दोनशे वर्षं किडे मोजले जात आहेत, जिथं विद्यापीठं, बोटी, पैसा सगळं आहे. दीडशे वर्षं ज्यांना एक समजलं ते निदान पंचवीस निघाले. मग त्यांच्या नावावर ओळखला गेलेला आपला किडा कोण?

यानंतर बाकीच्या खुणाही पुन्हा तपासल्या गेल्या. मिथिल ग्रीन नावाच्या रंगात बुडवल्यावर अंगावर उठणारे पट्टे, कल्ल्याच्या पट्ट्यांवरचे बारीक उंचवटे, चिखल धरून ठेवणाऱ्या आकड्यांची घडण. डीएनएनं आधी सांगितलं की हे वेगळे आहेत, मग डोळ्यांना फरक दिसायला लागला. पिल्लांच्या प्रवासाचा तर्कही इथं डळमळतो. टेरेबेलायडीसची अंडी चिकट गोळ्यांत तळाशीच राहतात आणि पिल्लं प्रवाहावर दूर जात नाहीत, अशी निरीक्षणं आहेत. ज्याचं बाळ अंगणाबाहेर जात नाही, तो नॉर्वेहून भारतात कसा येणार?

आता आपल्याकडं येऊ. आपल्या किनाऱ्याच्या पॉलिकीटांचा विषय निघाला की मला अरुण पारुळेकर यांचं नाव घ्यावंसं वाटतं. १ जानेवारी १९६६ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था सुरू झाली, पुढं ती गोव्यात दोना पावलाला स्थिरावली. पारुळेकर तिथले. १९७१मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा महाराष्ट्र आणि गोव्याच्या पॉलिकीटांवरचा लेख आला. किनाऱ्यावर फिरून, चिखलात हात घालून केलेलं काम. हाताशी पुस्तक अर्थातच फोवेलचं. दुसरं होतंच कुठं? हाच माणूस १९८६-८७मध्ये सहाव्या भारतीय अंटार्क्टिक मोहिमेचा प्रमुख होता. भारताची पहिली मोहीम १९८१च्या डिसेंबरमध्ये गोव्याच्या मुरगावहूनच निघालेली. अंटार्क्टिकाच्या तळातल्या जिवांवरही गोव्याच्या या मंडळींनी लिहिलं. मांडवीच्या चिखलापासून बर्फाखालच्या चिखलापर्यंत एकाच आयुष्यात पोचलेली ही माणसं आपल्या शाळेच्या पुस्तकांत नाहीत, ही मला खटकणारी गोष्ट. नेरीसच्या शेजारी एक ओळ त्यांना देता आली असती.

अंटार्क्टिकाचीही कथा तीच निघाली, ते जाता जाता सांगते. २०१६मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तिथल्या खोल पाण्यातले पॉलिकीट डीएनएनं तपासले आणि त्यांतल्या निम्म्यांच्या पोटात लपलेल्या जाती सापडल्या.

तुम्ही म्हणाल, असेनात का पंचवीस. किड्याच्या नावानं कुणाचं काय अडलंय?

अडतं. किनाऱ्यावर मोठा प्रकल्प यायचा तर पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल करावा लागतो. त्यात समुद्रतळाच्या जिवांची यादी असते. माझ्याच पालघर जिल्ह्यात, डहाणूजवळ वाढवणला, ७६ हजार २२० कोटींचं बंदर होतंय. केंद्रीय मंत्रिमंडळानं जून २०२४मध्ये मंजुरी दिली. त्या बंदराच्या बाजूनं किंवा विरुद्ध बोलायची ही जागा नाही. पण किनाऱ्याच्या कुठल्याही प्रकल्पाच्या अहवालात 'तळाचा चिखल किती निरोगी' हे ठरवायची एक पद्धत आज सर्रास वापरतात. तिचं नाव एएमबीआय. स्पेनच्या बास्क भागातले आंखेल बोर्हा आणि सहकाऱ्यांनी ती २०००मध्ये युरोपच्या किनाऱ्यांसाठी बनवली. प्रत्येक जातीला पाच गटांपैकी एकात टाकायचं: प्रदूषण अजिबात न सोसणारी इकडं, घाणीतच फोफावणारी तिकडं. मग यादीतल्या जाती आणि त्यांची संख्या भरली की एक आकडा येतो. चिखल चांगला, बरा, वाईट.

आता बघा. नॉर्वेच्या नावाचा किडा आपल्या यादीत बसला, की त्या नावाबरोबर त्याचा गटही येतो. तिकडच्या किड्याची सहनशक्ती तिकडच्या थंड पाण्यात मोजलेली. आपला किडा पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोंढा सोसतो, उन्हाळ्यात तीस अंशांचं पाणी, आणि शेल्फच्या काही भागांत पावसाळ्यानंतर वर सरकणारं प्राणवायू नसलेलं पाणी. त्याचा स्वभाव कुणी तपासलेला नाही, कारण त्याला वेगळा माणूस म्हणून कुणी ओळखतच नाही. आकडा मात्र दोन दशांश स्थळांपर्यंत छापून येतो. कोळी लोक म्हणतात, इथला तळ आम्हाला ठाऊक आहे. समोरून उत्तर येतं, अहवाल बघा. त्या अहवालातलं लॅटिन नाव कुठल्या वाटेनं आलं, हे विचारायचं भाडणाऱ्या दोन्ही बाजूंना सुचत नाही.

आणि एखादी जात नाहीशी झाली तर? यादीवर ती 'जगभर आढळणारी' आहे. जगभर आढळणारा प्राणी एका खाडीतून गेला तर कोण चिंता करतं? पण तो फक्त त्याच किनाऱ्याचा असेल, तर गेला म्हणजे गेला. आणि आपल्याला ते कधी कळणारही नाही, कारण यादीत नॉर्वेचा स्ट्रोमी सुखरूप असेल.

उपाय जगावेगळा नाही, फक्त कष्टाचा आहे. जुने नमुने बरेचसे फॉर्मॅलिनमध्ये आहेत. फॉर्मॅलिन अंग टिकवतं, पण डीएनएची वाट लावतं. कलकत्त्याच्या त्या ऐतिहासिक बाटल्या आकार सांगतील, वंश सांगायला कां-कूं करतील. म्हणून पुन्हा चिखल काढायचा. निम्मे किडे फॉर्मॅलिनमध्ये, शरीर बघायला. निम्मे पंच्याण्णव टक्के अल्कोहोलमध्ये, डीएनए वाचायला. भारतात आता तरुण अभ्यासक हे करू लागले आहेत आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या किनाऱ्यावरून पॉलिकीटांच्या नव्या जाती वर्णनासकट प्रसिद्ध होताहेत. काम हळू चालतं. एक जात नीट लिहायची तर युरोपातल्या संग्रहालयांतून तुलनेसाठी नमुने मागवा, पत्रव्यवहार करा, चित्रं काढा. यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात. नोकरीच्या मुलाखतीत मात्र विचारतात, पेपर किती?

बाटलीत चिठ्ठी टाकायची असते. ती पेन्सिलीनं लिहायची, कारण अल्कोहोलमध्ये पेनाची शाई उतरते. पहिल्या ओळीत जागा: नदीमुख, तालुका, अक्षांश-रेखांश. मग खोली, पाण्याचं तापमान, तारीख, कुणी गोळा केलं, कशात ठेवलं. हे सगळं पक्कं लिहायचं, कारण पन्नास वर्षांनी कुणी बाटली उघडली तर त्याला हेच उपयोगी पडणार. नावाची ओळ सगळ्यात शेवटी. तिथं मी टेरेबेलायडीस लिहिते, त्यापुढं एसपी, आणि उरलेली ओळ कोरी ठेवते.